लहान स्टार्टअपमध्ये तांत्रिक निर्णय आणि धंद्याची गरज यांचा मेळ कसा घालावा: पहिल्या प्रोग्रामरसाठी मार्गदर्शक

पाच-सात जणांच्या स्टार्टअपमध्ये पहिला किंवा दुसरा प्रोग्रामर म्हणून रुजू होणाऱ्याला कोड कसा लिहायचा हे बहुधा येत असते. काय लिहायचे, काय लिहायचे नाही, कोणते काम चार महिने लांबवले तरी चालेल आणि कोणते आजच नीट केले पाहिजे, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही, कारण ते नेमके ठाऊक असलेला माणूस त्या कंपनीत बहुधा नसतोच. संस्थापक विक्रीच्या आणि निधीच्या मागे असतो, प्रोग्रामर कोडच्या मागे, आणि दोघांचे बोलणे ‘हे सोमवारपर्यंत होईल का?’ आणि ‘बघतो’ या दोन वाक्यांत संपते. हा लेख त्या दोन वाक्यांच्या मधली जागा भरण्यासाठी आहे.

घाऊक व्यापाऱ्यांची बिले आणि उधारी सांभाळणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पुण्यातील एका लहान कंपनीत मी हे काम केले असल्याने पुढची बहुतेक उदाहरणे त्याच धंद्यातली आहेत. तुमचा धंदा वेगळा असेल तर तपशील बदलतील, क्रम बहुधा तोच राहील. प्रत्येक तांत्रिक निर्णयाला महिन्यांत, रुपयांत आणि माघार घेण्याच्या खर्चात मोजता येणारी किंमत असते. ती मांडणे हे प्रोग्रामरचे काम आणि ती मोजायची की नाही हे ठरवणे संस्थापकाचे. बहुतेक भांडणे प्रोग्रामरने किंमत न मांडल्यामुळे किंवा संस्थापकाने ती न ऐकल्यामुळे होतात.

सुरुवातीला हाताशी काय असावे

पहिल्या आठवड्यात पुढील गोष्टी मिळवा. त्या कोणी तयार करून देणार नाही, मागून घ्याव्या लागतील.

- बँकेतील शिल्लक, महिन्याचा खर्च आणि महिन्याची वसुली हे तीन आकडे.
- पैसे देणाऱ्या ग्राहकांची यादी, आणि कोण किती देतो.
- गेल्या काही महिन्यांत ग्राहकांनी काय मागितले आणि कशावरून तक्रार केली, याची नोंद. ती नसेल तर विक्री करणाऱ्याच्या व्हॉट्सॲपमध्ये असते. तिथून उतरवून घ्या.
- सर्व्हर, एसएमएस, नकाशे, ईमेल अशा बाहेरून घेतलेल्या सेवांची बिले.
- डोमेन, क्लाउड खाते, प्ले स्टोअरचे खाते आणि पेमेंट गेटवे कोणाच्या नावावर आणि कोणत्या ईमेलवर आहेत, याचा एक तक्ता.
- एक निर्णयवही. साधे गुगल डॉक पुरते.

यातील तक्त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. डोमेन पहिल्या फ्रीलान्सरच्या खासगी जीमेलवर आणि प्ले स्टोअरचे खाते कुठल्यातरी एजन्सीच्या नावावर, अशी स्थिती मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. संबंध चांगले आहेत तोवर कोणालाही त्याचे काही वाटत नाही. संबंध बिघडल्यावर किंवा गुंतवणूकदाराच्या वकिलाने कागदपत्रे मागितल्यावर हे हस्तांतर महागात पडते. ते आधी करून घ्या. त्यासाठी कोणाच्याही परवानगीने वेळापत्रक ठरवायची गरज नाही.

पायरी १: आधी रोकड विचारा, आर्किटेक्चर नंतर

समजा, बँकेत ४८ लाख रुपये आहेत, महिन्याचा खर्च ६ लाख आणि वसुली दीड लाख. म्हणजे दरमहा साडेचार लाख कमी होतात आणि पैसे साधारण साडेदहा महिने पुरतील. हा हिशोब सगळेच करतात. पुढचा हिशोब मात्र सहसा कोणी प्रोग्रामरसमोर मांडत नाही. नवा निधी उभा करायला पाच-सहा महिने सहज जातात आणि त्या काळात गुंतवणूकदाराला दाखवायला वाढलेली वसुली हातात लागते. याचा अर्थ, साडेदहा महिन्यांपैकी नवे काही बांधून ते ग्राहकाच्या हातात देण्यासाठी खरे तर चार-पाच महिनेच आहेत.

आता ‘सगळा कोड नव्याने लिहू, दोघांना तीन महिने लागतील’ हा प्रस्ताव या चौकटीत ठेवून पाहा. पगाराचा खर्च माणशी महिना सव्वा लाख धरला तर साडेसात लाख होतात. ते एक वेळ परवडतीलही. पण उपलब्ध चार-पाच महिन्यांपैकी तीन महिने ग्राहकाला काहीही नवे दिसणार नाही, ही त्या प्रस्तावाची खरी किंमत आहे. ती मांडल्यावरही ‘हो’ म्हणावे अशी परिस्थिती असू शकते. न मांडता मिळवलेला ‘हो’ मात्र दुसऱ्या महिन्यात मागे घेतला जातो आणि मग अर्धा जुना, अर्धा नवा असा कोड पदरी पडतो, जो दोन्हींपेक्षा वाईट असतो.

संस्थापक आकडे सांगत नसेल तर ‘रक्कम सांगू नका, महिने सांगा’ असे विचारा. महिनेही सांगायला तयार नसेल, तर तुमच्या कोणत्याही तांत्रिक योजनेला पाया नाही हे त्याला स्पष्ट शब्दांत कळवा आणि तीन-चार आठवड्यांपलीकडची कामे अंगावर घेऊ नका.

पायरी २: माघार घेता येते का, ते पाहा

ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१५ सालच्या पत्रात निर्णयांचे दोन प्रकार सांगितले होते: एका बाजूनेच उघडणाऱ्या दारासारखे आणि दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या दारासारखे. लहान कंपनीला ही विभागणी मोठ्या कंपनीपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर विचार करायला वेळच नसतो. माघार सोपी असेल तिथे दहा मिनिटांत ठरवा आणि पुढे चला. अवघड असेल तिथे दोन दिवस घालवले तरी ते वाया जात नाहीत.

स्क्रीनची मांडणी, कोणती यूआय लायब्ररी, अहवालांचे साधन, अंतर्गत वापराचे ॲडमिन पॅनेल, सर्व्हर कोणत्या कंपनीचा, हे सगळे नंतर बदलता येते. बदलताना कंटाळा येईल एवढेच. यांवर होणाऱ्या चर्चा लांबतात, कारण त्यांवर प्रत्येकाला मत असते.

माघार अवघड असते ती मुख्यतः डेटाच्या रचनेत आणि ग्राहकाच्या हाती गेलेल्या कागदात. आमच्या धंद्यातील चार उदाहरणे थोडी खोलात जाऊन देतो.

पहिले उदाहरण कराच्या दराचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी गेले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आले, तूप-लोणी १२ वरून ५ वर. ज्या सॉफ्टवेअरने दर फक्त मालाच्या नोंदीत ठेवला होता आणि बिल दाखवताना तिथूनच वाचला जात होता, त्यात दर बदलताच ऑगस्टची जुनी बिलेही नव्या दराने दिसू लागणार, हे उघड आहे. शिवाय ऑगस्टमध्ये विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच काढावी लागते. म्हणून दर, तो लागू होण्याची तारीख आणि बिलाच्या प्रत्येक ओळीवर त्या दिवशीचा दर, या तिन्ही गोष्टी स्वतंत्र साठवाव्या लागतात. पहिल्या दिवशी याला अर्धा दिवस लागतो. हजारो बिले झाल्यावर किती लागेल, ते दुकानदाराच्या सीएला विचारा.

दुसरे बिल क्रमांकाचे. नियमानुसार तो सलग असावा लागतो, १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा लागतो आणि आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये. अक्षरे, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढीच चिन्हे चालतात. आता दोन काउंटरवर दोन मोबाइल, इंटरनेट बंद, आणि दोघांनाही पुढचा क्रमांक हवा आहे. कायदा एकापेक्षा जास्त मालिका ठेवू देतो, म्हणून प्रत्येक काउंटरला स्वतःची मालिका देणे हा सरळ उपाय आहे. पण तो डेटाबेसच्या रचनेत पहिल्यापासून असावा लागतो. बिल क्रमांकासाठी डेटाबेसचा आपोआप वाढणारा आकडा वापरणारे प्रोग्रामर इथे हमखास फसतात.

तिसरे फर्मचे. घाऊक बाजारात एकाच कुटुंबाच्या दोन-तीन फर्म असतात, गोदाम एकच असते आणि तोच मुलगा तिन्हींची बिले करतो. ‘एक वापरकर्ता, एक फर्म’ असे गृहीत धरून लिहिलेला कोड पहिल्याच मोठ्या ग्राहकापाशी अडतो. कोणता डेटा कोणत्या फर्मचा, हे प्रत्येक तक्त्यात पहिल्यापासून नोंदवा.

चौथे पैशांचे. रक्कम अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या ‘फ्लोट’ प्रकारात कधीही साठवू नका. पैशांत पूर्णांक ठेवा किंवा डेटाबेसचा अचूक दशांश प्रकार वापरा. बेरजेत एका पैशाचा फरक आला, तरी दुकानदार त्या दिवसापासून तुमची सगळी बेरीज कॅल्क्युलेटरवर तपासू लागतो.

पायरी ३: मागणीच्या मागचा माणूस शोधा

विक्री करणारा सहकारी येऊन सांगतो, ‘टॅलीशी जोडून द्या, नाहीतर मार्केट यार्डातले गिऱ्हाईक जाणार.’ प्रोग्रामर लगेच दोन टोकांपैकी एक पकडतो. एक तर ‘हे आपल्या रोडमॅपमध्ये नाही’ म्हणतो, किंवा रात्रभर बसून टॅलीची कागदपत्रे वाचतो. दोन्हीच्या आधी चार प्रश्न विचारा: नक्की कोणाला हवे आहे, आज तो हे काम कसे करतो, झाले नाही तर किती रुपये जातील, आणि कधीपर्यंत हवे आहे.

शक्य असेल तर स्वतः जा. गुलटेकडीच्या भुसार बाजारातल्या अशा एका गाळ्यात दिवाणजी दिवसभराच्या बिलांच्या छापील प्रती समोर ठेवून टॅलीत एकेक नोंद चढवत होते. शेठजींनी ‘जोडून द्या’ म्हटले होते. दिवाणजींना विचारल्यावर ते म्हणाले, ‘मला रोज नको. महिन्याच्या पाच तारखेच्या आत एकदा द्या. पण पार्टीचं नाव माझ्या टॅलीत आहे तसंच आलं पाहिजे.’

या तीन वाक्यांत संपूर्ण निर्णय आहे. कायम चालू राहणाऱ्या जोडणीसाठी दुकानातल्या संगणकावर टॅली सतत उघडी असावी लागते, तिथे आपला एक लहान प्रोग्राम बसवावा लागतो आणि वीज गेली, संगणक बदलला, कोणी टॅली बंद केली की फोन आपल्याला येतो. ते काम काही महिन्यांचे, आणि त्याचा सांभाळ कायमचा. दिवाणजींना हवी होती महिन्यातून एकदा उतरवता येणारी एक्सएमएल फाइल, जी टॅली आयात करून घेते. त्यात अवघड भाग जोडणीचा नसून नावांचा आहे: फाइलमधील खात्याचे नाव टॅलीतील खात्याशी तंतोतंत जुळले नाही, तर ती नोंद नाकारली जाते. ‘श्री गणेश ट्रेडर्स’ आणि ‘गणेश ट्रेडर्स, सांगली’ ही माणसाला एक वाटली तरी टॅलीच्या लेखी दोन खाती असतात. म्हणून आपल्याकडचे नाव आणि त्यांचे नाव यांची जोडी एकदाच लावून ठेवणारी एक स्क्रीन, आणि फाइल. दोन आठवड्यांचे काम.

मागणी जशी आली तशी स्वीकारणे आणि जशी आली तशी नाकारणे हे दोन्ही आळसाचे प्रकार आहेत, असे माझे मत झाले आहे.

पायरी ४: बांधायचे काय आणि विकत काय घ्यायचे

ग्राहक ज्यासाठी तुम्हाला पैसे देतो तेवढेच स्वतः बांधा. लॉगिन, ईमेल पाठवणे, पेमेंट गेटवे, अहवालांचे आलेख यांतल्या प्रत्येकासाठी तयार सेवा किंवा मुक्त स्रोत साधन मिळते. अंतर्गत अहवालांसाठी मेटाबेस हे मुक्त स्रोत साधन डेटाबेसला जोडले की विक्री विभागाच्या निम्म्या ‘एवढे काढून द्या ना’ मागण्या थांबतात. फक्त आपल्या डेटाबेसची वाचनापुरती प्रत त्याला द्या, मूळ नको.

इथे दोन सापळे आहेत. पहिला एसएमएसचा. भारतात व्यावसायिक संदेश पाठवण्यासाठी दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी मंचावर कंपनीची नोंदणी, पाठवणाऱ्याच्या नावाचा हेडर आणि प्रत्येक संदेशाचा मजकूर मंजूर करून घ्यावा लागतो, आणि मंजूर मजकुराशी संदेश जुळला नाही तर तो वाटेतच अडतो. कोड एका दुपारी लिहून होतो, मंजुरीला दिवस लागतात, आणि ओटीपीशिवाय लॉगिन होत नसेल तर अख्खे उद्घाटन त्यावर अडते. अर्ज आधी टाका, कोड नंतर लिहा.

दुसरा सापळा आपोआप होणाऱ्या मासिक वसुलीचा. परदेशी सॉफ्टवेअर कंपन्या पाहून सदस्यत्वाची मोठी यंत्रणा बांधण्याचा मोह होतो. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती व्यवहारांचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले आणि कार्डावरून आपोआप पैसे कापून घेणे पूर्वीसारखे सोपे राहिले नाही. दुसरीकडे, घाऊक व्यापारी बहुधा वर्षाचे पैसे एकदम यूपीआयने किंवा एनईएफटीने देतो, तेही दोनदा फोन केल्यावर. पहिल्या शंभर ग्राहकांसाठी एक शीट, मुदत संपण्याची तारीख आणि फोन करणारा माणूस एवढे पुरते.

पायरी ५: तांत्रिक कर्जाची वही ठेवा

‘तांत्रिक कर्ज’ ही उपमा वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये वापरली. घाईत केलेल्या कामामुळे आज वेळ वाचतो आणि पुढे दर वेळी थोडा जास्त वेळ जातो, हा तिचा आशय. संस्थापकाला कर्ज आणि व्याज लगेच कळते, पण आकडा दिला तरच. ‘कोड फार घाण झाला आहे’ हे वाक्य ऐकून कोणी वेळ देत नाही, आणि देऊही नये.

वहीत प्रत्येक कर्जासाठी चार रकाने पुरतात: काय आहे, त्यामुळे आठवड्याला किती तास जातात, फेडायला किती दिवस लागतील, आणि न फेडल्यास सर्वांत वाईट काय होईल. उदाहरणार्थ, माल-यादी आयात करण्याचा कोड दर नव्या ग्राहकासाठी हाताने बदलावा लागतो. त्यात आठवड्याला सहा तास जातात. नीट करायला चार दिवस. म्हणजे पाच-सहा आठवड्यांत मुद्दल वसूल. हे लगेच फेडा. उलट, उधारीवर व्याज लावण्याचा कोड अत्यंत वाईट लिहिलेला आहे, पण ती सोय दोनच ग्राहक वापरतात आणि वर्षभरात त्याला कोणी हात लावलेला नाही. त्याचे व्याज शून्य आहे, मग तो डोळ्यांना कितीही खुपो.

सगळे पाडून नव्याने बांधण्याच्या मोहाबद्दल एक जुने उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा कोड नव्याने लिहायला घेतला, चौथ्या आवृत्तीनंतरची पाचवी कधी आलीच नाही, आणि सहावी २००० च्या नोव्हेंबरमध्ये आली तोवर बाजार मायक्रोसॉफ्टकडे गेला होता. नेटस्केपची घसरण केवळ त्यामुळे झाली असे नाही. पण त्या काळात ग्राहकाला द्यायला तिच्याकडे नवे काही नव्हते, हेही तितकेच खरे.

पायरी ६: ज्यावर घासाघीस होत नाही अशी यादी

ही यादी छोटी ठेवा आणि पहिल्याच महिन्यात संस्थापकाकडून मान्य करून घ्या. यात जास्त गोष्टी घातल्या की तिचे वजन जाते. माझ्या यादीत पाच असतात.

बॅकअप, आणि तो परत उभा करून पाहणे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याकडून मूळ डेटाबेस पुसला गेला, आणि बॅकअपच्या ज्या पाच पद्धती कागदावर होत्या त्यांपैकी एकही नीट चालत नसल्याचे तेव्हा दिसले. सहा तासांच्या आसपासचा डेटा गेला. ते त्यांनी स्वतःच जगजाहीर केले म्हणून आपल्याला शिकता येते. महिन्यातून एकदा बॅकअपवरून नवा डेटाबेस उभा करा आणि कालची बिले मोजा.

एका फर्मचा डेटा दुसऱ्या फर्मला दिसणार नाही, याची स्वयंचलित चाचणी. बाजारात सगळे एकमेकांना ओळखतात; एका शेठजींना शेजारच्या गाळ्याचे भाव दिसले, तर त्या गल्लीतले सगळे ग्राहक त्याच आठवड्यात गेले असे समजा.

पासवर्ड आणि किल्ल्या कोडमध्ये नसणे.

लॉग आणि घटना कळवण्याची तयारी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. कोणाला, कुठे, कोणी ईमेल करायचा, हे आधीच एका पानावर लिहून ठेवा. त्या सहा तासांत शोधत बसू नका.

वैयक्तिक माहिती लागेल तेवढीच घेणे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. आज फॉर्ममध्ये आधार क्रमांकाचा रकाना घालायचा आग्रह कोणी धरला, तर तो कशाला हवा याचे उत्तर लेखी मागा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही आणि रकानाही जातो.

पायरी ७: अंदाज एक देऊ नका, तीन द्या

‘किती दिवस?’ या प्रश्नाला एकच आकडा दिला की तो वचन होतो. त्याऐवजी तीन पर्याय त्यांच्या किमतीसह द्या आणि शिफारस करा. निर्णयवहीतील नोंद साधारण अशी असावी:

*विषय:* टॅलीत नोंदी पाठवणे.
*कोणाला हवे:* सध्याचे ७ ग्राहक, अडलेले नवे ३. वर्षाला साधारण दीड लाखांची वसुली पणाला.
*पर्याय अ:* एक्सेल फाइल; ३ दिवस; दिवाणजींचे काम निम्मेच वाचेल.
*पर्याय ब:* नावांच्या जोड्या आणि एक्सएमएल फाइल, २ आठवडे, महिन्याला एकदा हाताने आयात.
*पर्याय क:* कायमची जोडणी. ३ महिने, शिवाय दर महिन्याला मदतीचे फोन.
*शिफारस:* ब. क नंतर करता येईल, ब मधील नावांच्या जोड्या त्यातही वापरता येतील.
*पुन्हा कधी पाहायचे:* ३० ग्राहक रोज आयात मागू लागले तर.

शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. ती असली की ‘आपण हे तेव्हा का नाही केले?’ या प्रश्नावर सहा महिन्यांनी वाद होत नाही, वही उघडली जाते.

अंदाज देताना एक गोष्ट नेहमी कमी धरली जाते: जुना डेटा आणणे. ग्राहक म्हणतो, ‘सगळे एक्सेलमध्ये आहे.’ फाइल उघडल्यावर कळते की पार्ट्यांची नावे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत, म्हणजे आपल्याकडे ती इंग्रजी अक्षरांचा काला म्हणून दिसतात, आणि फोन क्रमांकाच्या रकान्यात कुठे दोन क्रमांक आहेत, कुठे ‘बंटीला विचारा’. असे काम विक्रीच्या किमतीत फुकट धरू नका. त्याचा वेगळा दर लावा. दर लागला की निम्मे ग्राहक ‘चालू वर्षाचेच द्या’ म्हणतात.

पायरी ८: आठवड्यातून एकदा, अर्धा तास

सोमवारी सकाळी संस्थापक, विक्री करणारा आणि तुम्ही, असे तिघे बसा. मागच्या आठवड्यात काय ग्राहकाच्या हातात गेले, या आठवड्यात कोणत्या तीन गोष्टी जातील, आणि कर्जाच्या वहीतील कोणते एक काम होईल, एवढेच ठरवा. आठवड्याच्या मध्ये तातडीची मागणी आली तर तिला नकार न देता विचारा, ‘ठरलेल्या तीन गोष्टींपैकी काय काढू?’ बऱ्याच तातडीच्या गोष्टी या प्रश्नावर पुढच्या सोमवारपर्यंत थांबायला तयार होतात.

मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हे आधी ठरलेले असावे. पायरी ६ च्या यादीत तुमचा, बाकी सगळीकडे संस्थापकाचा. आपल्या मताविरुद्ध निर्णय झाला तर वहीत दोन ओळींत मत लिहा आणि काम मनापासून करा. अर्ध्या मनाने केलेल्या कामाचा खर्च कोणत्याही चुकीच्या निर्णयापेक्षा जास्त होतो.

पायरी ९: वाढीची तयारी कधी करावी

बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरीच उशिरा. एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम घेतले तेव्हा तिथे १३ माणसे होती आणि वापरकर्ते सुमारे तीन कोटी. पाया होता पायथनमधील जँगो ही चौकट आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस, म्हणजे त्या काळातली अगदी रुळलेली साधने. सेगमेंट या कंपनीने तर अनेक लहान सेवांमध्ये वाटलेला आपल्या यंत्रणेचा एक भाग पुन्हा एका सेवेत आणला आणि २०१८ मध्ये त्याची कारणे सविस्तर मांडली: तीन जणांच्या चमूचा बहुतेक वेळ त्या सेवा सांभाळण्यातच जात होता. शंभर-दोनशे दुकानांची बिले एक बऱ्यापैकी सर्व्हर आणि एक पोस्टग्रेस आरामात सांभाळतो. सेवा वेगळ्या करायच्या आधी संथ चालणाऱ्या दहा क्वेरी शोधून त्यांना इंडेक्स लावा.

भार किती, यापेक्षा तो कधी येतो हे पाहा, कारण ते धंद्यावर ठरते. आमच्याकडे जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची मुदत ११ तारखेला आणि ३बी या कर भरण्याच्या विवरणपत्राची २० तारखेला असल्याने महिन्याचे अहवाल त्याच्या आदल्या दोन दिवसांत सगळे एकदम काढत. मार्चअखेर आणि दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे याहून कठीण. म्हणून भिंतीवर एक दिनदर्शिका लावा आणि त्यात महिन्याच्या ९ ते ११ आणि १८ ते २० तारखा, मार्चचा शेवटचा आठवडा आणि दिवाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांपासून पाडव्यापर्यंतचे दिवस लाल करा. त्या दिवसांत नवी आवृत्ती सोडायची नाही, चुकांची दुरुस्ती तेवढी सोडायची. संस्थापकाने नव्या ग्राहकाला शब्द देताना तीच दिनदर्शिका समोर असावी, म्हणून ती तुमच्या टेबलापाशी न लावता विक्रीच्या टेबलापाशी लावा.